पाहुण्याचा लूम

भिवंडीत कामतघरच्या नाक्यावरचे रिक्षावाले त्यांना 'कशावरून चाचा' म्हणायचे. नाव उगाच पडलं नव्हतं. रिक्षावाला म्हणणार, "आगे जाम है, पीछे से लेता हूँ, जल्दी पहुँचेंगे." यांचा प्रश्न तयार, "कशावरून?" समोरच्याला मराठी येतं की नाही, याची चौकशी नाही. "आज गेलास का त्या रस्त्याने? कधी गेलास? तेव्हा जाम होता का?" एकदा एकाने रिक्षा बाजूला घेऊन हात जोडले. "चाचा, ऐसा करो, आप चलाओ. मैं पीछे बैठता हूँ." हे खरंच उतरून पुढे जायला निघाले. मी हाताला धरून मागे बसवलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी आम्ही कुठे पोचलो असतो सांगता येत नाही.

मी त्यांना सर म्हणायचे, पण ते माझे शिक्षक नव्हते. आम्ही एकाच सायझिंगमध्ये होतो. मी पगारावर, ते फुकट. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा जो धागा असतो, ताणा, त्याला आधी खळ लावून वाळवतात. खळ नीट बसली तर धागा ठोके सोसतो. नाही बसली तर तुटतो, आणि धागा तुटला की लूम थांबतो. खळ लावायचं काम सायझिंगचं. मक्याच्या पिठाबरोबर त्यात बाहेरच्या देशातून येणारी एक महागडी पावडर पडते. ती खळ किती घट्ट, किती गरम, हे तपासायला शेठने मला ठेवलं होतं. मी बीएस्सी केमिस्ट्री. आमच्या घरातली पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगितलं.

सर आले तेव्हा मी नोकरीत नवीनच होते. आयुष्यभर मुंबईत एका संशोधन संस्थेत कापसावर काम करून रिटायर झालेले. घराणं मूळचं भिवंडीचं, आजोबा कोर्टात कारकून, वडील शाळामास्तर. बायको गेलेली, मुलगी नाशिकला. एक दिवस छत्री, डबा आणि भिंग घेऊन शेठच्या केबिनमध्ये शिरले आणि म्हणाले, "मला तुमच्याकडे एक टेबल हवंय. पगार नको."

शेठ माणूस हुशार. पगार नको म्हटल्यावर तो घाबरला.

"मतलब पार्टनरशिप पाहिजे?"

"नाही. टेबल."

"टेबलावर काय करणार?"

"तुमची पावडर बंद करता येते का बघणार."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मागे रिकामे ड्रम ठेवायची एक खोली होती. ती दिली. दाराला कडी नव्हती, खिडकीला काच नव्हती. सर खूश. "वारा येतो," म्हणाले.

त्या खोलीत त्यांनी तांदळाच्या कण्या शिजवायला सुरुवात केली. आपल्या खेड्यांमधून भात येतो, गिरणीत कण्या पडतात, त्या कोंबड्यांना जातात. त्यांचं म्हणणं, पेजेचं ताट वाळलं की घासताना जीव जातो, मग ती चिकटाई सुताला का नाही? अडचण अशी की तांदळाची खळ वाळून कडक होते आणि मोडते. ती वाकली पाहिजे. त्यासाठी त्यांनी कशात काय नाही मिसळलं! चिंचोक्याचं पीठ, एरंडेल, डिंक. बिघडलेली प्रत्येक खळ बरणीत भरून खिडकीत ठेवायचे आणि तिला नाव द्यायचे. नावं सगळी मेहुण्यांची. बायकोला चिक्कार भाऊ होते म्हणे आणि एकाशीही यांचं पटलं नाही. सकाळी आल्याआल्या मला हाक, "जरा बघा हो, थोरल्या मेहुण्याला बुरशी आलीय का?" मी बघून सांगायचे, "थोरल्याला नाही सर, मधल्याला आलीय." "यायचीच. तो पहिल्यापासून ओलसर."

मी एकदा म्हटलं, "फेकून देऊ का?"

"मेहुणे फेकता येत असते तर!" मग गंभीर होऊन म्हणाले, "हे फेकलं तर पुढचा माणूस पुन्हा हेच शिजवत बसेल."

आमचं भांडण एकदाच झालं. बोलता बोलता ते म्हणाले, आपल्याकडे डिग्र्या फार आणि शोध कमी, डिग्री म्हणजे काय, एक कागद. माझं डोकं फिरलं.

"सर, तुमच्या घरात आजोबांपासून कागद आहेत. म्हणून तुम्हाला तो कागद वाटतो. आमच्याकडे तो भिंतीवर लावलाय, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. घरी येऊन बघा आणि मग बोला."

दुसरा कोणी असता तर हसून विषय बदलला असता. हे रविवारी खरंच आले. चाळीत, विचारत विचारत. आईची धांदल उडाली. सर कोणाशी न बोलता आधी भिंतीपाशी गेले, खिशातून भिंग काढलं आणि डिग्री वाचायला लागले. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा राहनाळला गोदामात माल उचलायचे. त्यांना वाचता येत नाही. ते हळूच म्हणाले, "साहेब, मोठ्यानं वाचा ना. पोरगी कवा वाचून दाखवत न्हाय. बोलते, काय त्यात."

सरांनी सगळी वाचली. वरचं नाव, विद्यापीठ, खालच्या सह्या, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा. इंग्रजी एक ओळ, मग तिचं मराठी. दादा उभे राहून ऐकत होते. वाचून झाल्यावर सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मी बोललो ते मागे घेतो." आणि चहा प्यायला बसले.

मग त्यांची गाडी नेहमीच्या रुळावर आली. देश. तो विषय ते पाण्यात पडलेल्या माणसाने ओरडावं तसा सांगायचे. "मानकोलीला हायवेवर उभे राहा आणि कंटेनर बघा. त्यात काय काय असतं? त्यातली एक तरी वस्तू इथे कुणाला सुचलीय का? आपण दुसऱ्याचा माल ठेवतो. दुसऱ्याच्या जुन्या मशिनवर कापड विणतो. मजुरी स्वस्त म्हणून धंदा इथे आहे. उद्या कुठे आणखी स्वस्त मिळाली की तिकडे जाईल. स्वतः शोधून काढलेली गोष्ट मात्र अशी कोणी उचलून नेत नाही."

दादा म्हणाले, "साहेब, ठेवतो बोलता, पन उचलतंय कोन ते बी बघा की."

सर थबकले. "तेच बघतोय. तुमची पाठ थकली की मग या गावाकडे विकायला काय आहे?"

"न्हाय कसं? पोरगी हाय ना. शिकलीय की."

सर हसले. पण जाताना जिन्यात मला म्हणाले, "तुमच्या वडिलांनी उत्तर बरोबर दिलं. फक्त पोरीला काम करायला खोली पाहिजे."

खोलीचं त्यांना वेड होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मोठ्या शहरात मोठी संस्था काढून भागत नाही. प्रत्येक धंद्याला, प्रत्येक कारखान्याला लागून एक खोली पाहिजे, जिथे 'आज किती माल निघाला' असं कोणी विचारणार नाही. 'आज काय कळलं' एवढंच विचारायचं. अशा खोल्या ज्या देशात जास्त, तो पुढे. शेठ हे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "साब, देश सरकार चलाती है. मैं तो सायझिंग चलाता हूँ." पण त्याचंही मन हललं होतं, कारण दोन पावसाळ्यांनंतर सरांच्या एका खळीने वाकायला सुरुवात केली. मेहुणे संपले होते, म्हणून हिला बायकोचं नाव दिलं.

शेठने शब्द दिला. लूमवर या खळीची ट्रायल पास झाली तर त्या खोलीची पक्की लॅब करून देतो. टेबल, बेसिन, पंखा, लाईट, सगळं. फेल झाली तर खोली रिकामी करायची. एक कार्टनवाली पार्टी गोदामासाठी जागा मागतच होती. सरांचे डोळे तेव्हा अधू होत चालले होते. मला म्हणाले, "मी किती दिवस येईन सांगता येत नाही. पण खोली झाली तर तुम्ही बसाल." म्हणजे खोली माझ्यासाठीही होती. हे मी विसरले नव्हते.

ट्रायल शेठच्याच लूमच्या कारखान्यात, कामतघरला. काही बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, जुन्या खळीचे, एक सरांच्या. प्रत्येक लूमला मी एक खडू दिला. धागा तुटला की कारागिराने लूमच्या अंगावर रेघ मारायची. मुकादम इद्रीसभाई. उत्तर प्रदेशातून तरुणपणी आलेले, आता दाढी पांढरी. ते सरांना फार मानायचे, कारण सर त्यांच्याशी बोलताना उभे राहायचे.

सरांच्या बीमवर रेघा फारच कमी आल्या. इतक्या कमी की मी दोनदा तपासलं. शेठने शुक्रवारी कारखान्यातच जेवण ठेवलं. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. एरवी तिथे कानाशी ओरडून बोलावं लागतं, त्या दिवशी पंख्याचा आवाजसुद्धा येत होता. बिर्याणीचं पातेलं मध्ये. शेठने खिशातून टाईलचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, ये कलर चलेगा लॅब में?" मी बेसिनसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं.

इद्रीसभाई सरांच्या ताटात वाढत होते. भरात येऊन म्हणाले, "साहब, चलना ही था. आपका बीम मैंने दरवाजे वाले लूम पे चढ़ाया. मेहमान का लूम है वो. बाहर से कोई माल देखने आता है तो वहीं चढ़ाते हैं. ऊपर से सलीम को बिठाया. उसके जैसा हाथ पूरे कामतघर में नहीं."

सरांचा घास हातातच राहिला.

"आणि जुन्या खळीचे बीम?"

"वो अंदर. जहाँ रोज के चढ़ते हैं."

"दरवाज्याच्या लूमला तेल?"

"एक दिन पहले ख़ुद अपने हाथ से दिया. आपका काम है साहब, ऐसे वैसे कैसे छोड़ता?"

मला कळलं. शेठला अजून कळलं नव्हतं. मी हळू आवाजात म्हटलं, "सर, आत्ता नको. खोली होऊ दे. मग ट्रायल परत घेऊ."

"या ट्रायलवर बांधलेल्या खोलीत मी ट्रायल घेणार?" त्यांनी ताटात हात धुतला. बिर्याणी अर्धी तशीच. मग उभे राहून शेठला म्हणाले, "ही ट्रायल धरायची नाही. माझा बीम चांगल्या लूमवर, चांगल्या हातात होता. खळ चांगली की लूम चांगला, कसं कळणार?"

शेठ म्हणाला, "अरे साब, पास हो गया ना? खाना खाओ."

"कशावरून पास?"

आता इद्रीसभाईंचा चेहरा उतरला. वाढायचा चमचा पातेल्यात ठेवून ते म्हणाले, "मतलब हमने बेईमानी की?"

सरांचं हिंदी भयानक होतं. ते त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "नहीं नहीं, इद्रीसभाई. आपने बेईमानी नहीं की. आपने पाहुणचार किया. लेकिन प्रयोग को पाहुणचार नहीं मंगता."

कोणी हसलं नाही. इद्रीसभाईंना तर पाहुणचार हा शब्दच समजला नाही. मी सांगितला. चमचा परत हातात घेत ते म्हणाले, "तो आपका बीम लावारिस की तरह चढ़ाऊँ?"

"हाँ," सर म्हणाले. "बिल्कुल वैसा."

तसेच चढवले. कुठला बीम कुठल्या लूमवर, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. सुताच्या कांड्यांच्या पेटीत चिठ्ठ्या घातल्या आणि इद्रीसभाईंनीच डोळे मिटून काढल्या. कुठल्या बीमला कुठली खळ, हे फक्त मला माहीत. अर्धं काम झाल्यावर बीम एकमेकांच्या जागी हलवले. इद्रीसभाई रोज माझ्याभोवती फिरायचे. "बेटी, इशारा तो कर दे, कौन सा साहब का है? कुछ नहीं करूँगा, बस दुआ करूँगा." मी तोंड उघडलं नाही. सर स्वतः तर त्या दिवसांत कारखान्यात फिरकलेच नाहीत. घरी बसून रेडिओ दुरुस्त करत होते, जो बिघडलेला नव्हता.

रेघा मोजल्या. दोन्ही खळी सारख्या. सरांची खळ वाईट नव्हती, पण चांगलीही नव्हती; डिंक, एरंडेल धरून खर्चही पावडरीएवढाच. दारातला लूम मात्र कुठलाही बीम घातला तरी सुरळीत चालला. बाहेरून त्याच्याजवळच्या भिंतीला पाण्याची टाकी चिकटलेली, त्यामुळे तिथली हवा ओलसर, आणि ओलाव्यात धागा कमी तुटत असावा. सर एवढे खूश झाले की मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

"सर, आपण फेल झालो."

"खळ फेल झाली. ओलावा बघा की! कुणाला माहीत होतं?"

शेठला त्यात रस नव्हता. "टंकी की दीवार हर लूम के पास कैसे लाऊँ साब?" त्याचंही चूक नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. कार्टनवाल्याला एक तारखेपासून खोली द्यायचं ठरलं. सरांनी मेहुण्यांच्या बरण्या पिशवीत भरल्या. त्याच आठवड्यात मुलगी येऊन त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नाशिकला घेऊन गेली. निघताना मला म्हणाले, "ओलाव्याचं सोडू नका." मी म्हटलं, "कुठे बसून करू सर?" ते बरण्यांची पिशवी सावरत गाडीत बसले. मला रडू आलं नाही, राग आला. त्यांच्यावर, इद्रीसभाईंवर, त्या बिर्याणीवर. गप्प राहिले असते तर आज टाईल बसली असती. घरी दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "खरं बोलला म्हातारा. मंग आता रागवून काय?"

महिना संपत आला तेव्हा एक टाय लावलेला माणूस शेठच्या केबिनमध्ये आला. नवीन पावडर. जुनीपेक्षा महाग, पण धागे निम्मे तुटतात म्हणे. शेठने मलाही बोलावलं. माणसाने लॅपटॉपवर रंगीत तक्ते दाखवले, एका कारखान्याच्या ट्रायलचे. शेठ असले तक्ते पाहून नेहमी मान डोलावतो. या वेळी त्याने विचारलं, "आपका बीम कौन से लूम पे चढ़ा था?"

"सॉरी सर?"

"लूम. कौन सा? किसने तय किया?"

"सर, वो तो फॅक्टरीवालों ने… हमारी इंटरनॅशनल कंपनी है सर."

"वो नहीं पूछा. चिट्ठी डाली थी?"

त्या माणसाने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. शेठने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग खुर्चीत मागे टेकला.

"मॅडम, पुरानी पावडर मैंने कैसे ली थी? ऐसा ही कोई तक्ता देख के ना?"

"मी तेव्हा नव्हते शेठ. पण बहुतेक तसंच."

"कितने साल से डाल रहा हूँ." त्याने फोन उचलला आणि कार्टनवाल्याला लावला. माझ्यासमोरच. खोली मिळणार नाही म्हणाला. तिकडून बराच आरडाओरडा ऐकू येत होता. शेठ शांतपणे म्हणाला, "भाई, गोदाम तुझे राहनाळ में पचास मिलेंगे. मुझे दूसरी ऐसी खोली नहीं मिलेगी." फोन ठेवून मला म्हणाला, "टाईल बाद में. पहले दरवाजे को कड़ी लगवा लो. और वो नमी वाला, ओलावा जो साब बोल रहे थे, वो देखो."

मी धावत बाहेर आले आणि नाशिकला फोन लावला. सरांच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. मी सगळं एका दमात सांगितलं. खोली राहिली, शेठने पावडरवाल्याची कशी उलटतपासणी घेतली, तो टायवाला कसा घामाघूम झाला. मला वाटलं, आता तरी शाबास म्हणतील.

"खोली राहिली, चांगलं झालं," सर म्हणाले. "पण त्या माणसाला परत का पाठवलंत?"

"सर, खोटे तक्ते घेऊन आला होता तो."

"कशावरून खोटे? त्यालाही कुणीतरी प्रेमाने पाहुण्याचा लूम दिला असेल. बिचाऱ्याला माहीतच नसेल. आणि पावडर खरंच चांगली असली तर? त्याला बोलवा. बीम चढवा. चिठ्ठ्या टाका."

त्याचं कार्ड शेठच्या टेबलाखालच्या केराच्या टोपलीत पडलं होतं. मी ते काढलं, शर्टाला पुसलं आणि फोन लावला. पहिल्यांदा त्याने उचललाच नाही.